निवलेला हात

आमच्या घरी या वर्षी दिवाळी नाही. गेल्या माघात तात्या गेले. तेव्हा यंदा कढई चढायची नाही, दारात आकाशकंदील लागायचा नाही. भावकीतली माणसं फराळाचे डबे घेऊन येतील, ओसरीवर घटकाभर टेकतील आणि इकडचं तिकडचं बोलून उठतील. अशा वर्षी संपादकांचं पत्र आलं, तेव्हा 'यंदा जमायचं नाही' असं उत्तर मी लिहायला घेतलंही होतं. पण पहिल्या ओळीशीच हात थांबला. गेल्या दिवाळीतली एक गोष्ट कुणाला तरी सांगायची राहून गेली आहे, असं वाटू लागलं. ती तात्यांची आहे, आणि आकाशातल्या एका चित्राचीही आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर दहावी, आणि तिच्यावर चित्रकला शिकवता येते असं सांगणारा एक कागद. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. त्या विकत घेणाऱ्यांपेक्षा 'त्यातला तो हावरा पाटील म्हणजे मीच ना?' असं विचारायला येणारेच जास्त. राहतो निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवर, म्हणजे इंदापूर तालुक्यात. आणि शाळा बारामतीला. रोजचा एस.टी.चा प्रवास. अंथुर्णे, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर ही नावं मला पाढ्यासारखी पाठ झाली आहेत. जंक्शनला वालचंदनगरची माणसं चढतात-उतरतात. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडतात. त्यामुळे आकाश आमच्या रस्त्यापासून तसं फार लांब नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

एप्रिल 2025 मधली गोष्ट. परतीच्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि मोबाइलवर एक चित्र आलं होतं. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीनं ते टिपलं होतं. काळ्याभोर आकाशात दोन धुरकट कडी, एकमेकांना तिरकी छेदून गेलेली. त्यांच्या मधे गुलाबी ढेकळांचा ढग, त्या ढगाला जागोजाग भोकं, आणि अगदी मधोमध एक तेजस्वी तारा. खाली नाव होतं एनजीसी 1514. मराठीत अशा वस्तूला बिंबाभ्रिका म्हणतात. लहान दुर्बिणीतून ती ग्रहाच्या बिंबासारखी गोल दिसते, एवढाच तिचा ग्रहाशी संबंध. खरं तर तो एका ताऱ्याचा शेवट असतो. म्हातारा होत आलेला तारा फुगतो, आपल्या अंगावरचे वायूचे आणि धुळीचे थर एकेक करून बाहेर टाकतो, आणि आत उरतो तो तापलेला, पांढराशुभ्र, खुजा गाभा. आपल्या सूर्यावरही ही वेळ येणार आहे, अजून सुमारे 500 कोटी वर्षांनी.

घरी आल्यावरही मी ओसरीवर बसून तेच बघत होतो. तात्या बाजेवर होते. मी गप्प झालो की मी कशात तरी गुंतलो आहे, हे त्यांना कळे.

"काय बगतुयास रं एवढं?"

"चित्र आहे, तात्या. आकाशातलं."

"कसं हाय?"

मी दमलो होतो, उन्हानं डोकं उठलं होतं. ही कारणं मी मागाहून शोधली. त्या वेळी एवढंच म्हणालो, "तुम्हांला नाही कळायचं ते. बघायची गोष्ट आहे."

तात्या "बरं" म्हणाले, आणि थोड्या वेळानं उशीशी ठेवलेला तांब्या चाचपू लागले.

त्यांची दृष्टी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. उमेदीच्या काळात ते गुऱ्हाळावर जाळ घालीत. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात आलं, त्याच्यामागून ऊस आला, आणि उसाबरोबर गुऱ्हाळं आली. बारामतीच्या पेठेत गुळाचे सौदे होत, आणि त्या गुळाखाली कुणाकुणाचा जाळ जळत असे. चुलवाणाच्या तोंडाशी बसून तात्या रात्र-रात्र चिपाडं आत सारीत. वर काहिलीत रस उकळत असे. गुळव्या 'जाळ आवर' म्हणायच्या आधीच तात्यांनी जाळ आवरलेला असे. कारण हाताची पालथी बाजू चुलवाणाच्या तोंडापासून वीतभर लांब धरून त्यांना आतला अंदाज येई. त्या जाळानंच डोळे गेले, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, हा काचबिंदू आहे, आणि गेलेली नजर परत यायची नाही.

मी सातवीत असताना तात्या एकदा बारामतीच्या बाजारातून परतले, तेव्हा त्यांच्या पिशवीत बारा रंगांची एक पेटी होती. मी मागितली नव्हती. कोळशानं भिंती खराब करतो म्हणून आईचा मार मात्र नेहमी खाल्ला होता. ती पेटी घ्यायला त्यांनी काय विकलं किंवा कुणापुढे हात पसरला, हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही. आज पोटाला मिळतं ते त्या पेटीमुळे. आणि अशा माणसाला मी म्हणालो होतो, की ही बघायची गोष्ट आहे, तुम्हांला कळायची नाही.

मे महिना उजाडला. आमच्या घराची मावळतीकडची भिंत दगडमातीची आहे. दुपारनंतर तिच्यावर ऊन पडतं ते सूर्य बुडेपर्यंत. एका संध्याकाळी तात्या काठी टेकीत त्या भिंतीशी गेले. मला वाटलं, मोरीकडे चालले आहेत. म्हणून मी उठलो. पाहतो तो ते भिंतीपासून चार बोटांवर तळहात धरून हळूहळू सरकवीत होते. मग त्यांनी हात टेकवला.

"दुपारी हितं बाज उबी केली व्हती का कुनी?"

केली होती. माझ्या धाकटीनं बाज भिंतीला उभी लावून तिच्याआड बाहुल्यांचा संसार मांडला होता, आणि दिवे लागायच्या आधी आम्ही ती बाज उचलून अंगणात टाकली होती. भिंतीवर तिची काही खूण नव्हती. तात्यांनी बोट फिरवून बाजेची चौकट मला दाखवली. खाली इथवर, वर तिथवर. "बाजंमागं भित गार हाय. बाकीची आजून तापल्याली हाय."

मास्तराची जात, माझा चटकन विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नकळत भिंतीच्या खुंटीला एक मोठी टोपली दुपारभर अडकवून ठेवली, आणि सूर्य बुडाल्यावर काढून घेतली. मग तात्यांना म्हणालो, "आज काय सांगते भिंत?" त्यांनी नुकताच चहा घेतला होता.

"दम जरा," ते म्हणाले. "हातात च्याचा कप व्हता. हात निवूंदे. हातच ऊन आसला तर भितीचं काय कळनार?"

हात निवेपर्यंत ते बसून राहिले. मग उठले, आणि भिंतीवर बोटानं एक गोल काढला. "टोपली," ते म्हणाले, आणि हसले. माझी परीक्षा त्यांना कळली होती.

त्या रात्री मी ते एप्रिलमधलं चित्र पुन्हा काढलं, आणि त्याच्याविषयी जे सापडेल ते वाचायला बसलो. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं. पण आता नेट होती.

त्या वाचण्यात एक जुना माणूस भेटला. विल्यम हर्शेल त्याचं नाव. मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. इंग्लंडात बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि गाण्या-वाजवण्याच्या शिकवण्या करी. आकाशाचा नाद लागला, तेव्हा आरसे घासून दुर्बिणी स्वतःच करू लागला. त्याची बहीण कॅरोलाइन त्याच्या शेजारी बसून निरीक्षणं टिपून घेई. 1781 मध्ये त्यानं युरेनस शोधला. ज्योतिषाची पदवी नसलेल्या, शिकवण्यांवर पोट भरणाऱ्या त्या माणसाविषयी मला आपुलकी वाटली, तर त्यात नवल नाही.

13 नोव्हेंबर 1790 च्या रात्री या हर्शेलनं एनजीसी 1514 पाहिली. तोवर त्याची अशी समजूत झाली होती, की आकाशातले हे सगळे धूसर डाग म्हणजे फार लांबचे ताऱ्यांचे घोळके असावेत. दुर्बीण मोठी केली की ते तारे वेगळे दिसतील. पण इथे मधोमध एकच तारा होता, आणि त्याच्याभोवती धुक्यासारखा उजेड. हा घोळका नव्हे, हे त्याला कळून चुकलं. त्यानं आपलं मत बदललं, आणि बदललं हे लिहून ठेवलं.

पुढे दहा वर्षांनी, 1800 मध्ये, त्यानं लोलकातून सूर्याच्या उन्हाचे रंग मेजावर पाडले आणि कोणत्या रंगात किती ऊब आहे ते उष्णतामापकांनी मोजलं. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यांत जास्त चढला. न दिसणारे ऊबेचे किरण त्याला सापडले. आपण त्यांना अवरक्त किरण म्हणतो. तापलेली भिंत, बैलाची पाठ, माणसाचं कपाळ, अंधारात या सगळ्यांतून ते निघतच असतात.

म्हणजे ही अभ्रिका ज्यानं पहिल्यांदा पाहिली, त्यानंच तिची कडी ज्या किरणांनी दिसायची होती ते किरण शोधले. पण ती कडी काही त्याला दिसली नाहीत. त्याच्यानंतर दोनशे वर्षं चांगल्या चांगल्या दुर्बिणींनाही दिसली नाहीत. त्या कड्यांमधली बारीक धूळ मधल्या गाभ्याच्या जंबुपार किरणांनी कोमट होते. डोळ्यांना दिसेल इतकी ती तापत नाही. 2010 मध्ये वाइज नावाच्या अवरक्त दुर्बिणीला ती प्रथम सापडली, आणि 2025 मध्ये वेबनं त्यांतली ढेकळं न् ढेकळं दाखवली.

वेब दुर्बीण 25 डिसेंबर 2021 रोजी पृथ्वीवरून निघाली आणि 15 लाख किलोमीटरांवर जाऊन राहिली. तिचा आरसा साडेसहा मीटरांचा. अठरा षट्‌कोनी तुकडे जुळवून केलेला. सूर्याकडे तिनं पाच पदरी पडदा धरला आहे. हे चित्र काढणारं तिचं उपकरण तर शून्याखाली 266 अंशांपर्यंत गार करून ठेवावं लागतं. का, ते वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवला. दुर्बीण स्वतःच उबदार असली, तर तिला स्वतःचीच ऊब दिसत राहील. लांबच्या त्या कोमट धुळीचं काही कळणार नाही. तात्यांनी हेच मला चहाचा कप खाली ठेवताना सांगितलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी त्या चित्राची एक छापील प्रत वर्गात लावली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे रंग खरे आहेत का?"

'नाही, संगणकावर भरलेले आहेत', हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते अगदीच चूक होतं असं नाही. पण मागच्याच महिन्यात, 20 मे रोजी, पुण्याला जयंत नारळीकर गेले होते, आणि त्यांच्याविषयी सांगतात ती गोष्ट माझ्या मनात होती. मुलांनी सही मागितली, की ते म्हणत, तुझा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव. उत्तराखाली सही येईल. प्रश्नाला ते एवढा मान देत. शिवाय एकदा प्रश्न झटकून टाकल्याचं ओझं माझ्या डोक्यावर होतंच. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी मुलांना आमच्या भिंतीची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "समजा, तात्यांच्या हाताला जे कळलं ते मला तुमच्यासाठी कागदावर काढायचं आहे. गार जागेला मी एक रंग देईन, तापलेलीला दुसरा. रंग माझे. पण कुठे कोणता द्यायचा, हे मी ठरवणार नाही. ते भिंत ठरवणार. या चित्रातही तसंच आहे. अवरक्त किरणांतले आखूड तरंग निळे दाखवायचे, लांब तरंग तांबडे, हे माणसांनी ठरवलं. कडी मात्र कुणी काढलेली नाहीत. ती तिथे आहेतच." मुलीनं मान डोलावली. हे सांगता सांगता माझ्या हावऱ्या पाटलाचंही उत्तर मला मिळून गेलं. कादंबरीत त्याचं नाव मी ठेवतो. त्याचा हावरेपणा काही मी ठेवलेला नसतो.

त्या अभ्रिकेत मधे जो एक तारा दिसतो, ते वास्तविक दोन आहेत. सुमारे 9 वर्षांत ते एकमेकांभोवती एक फेरी घेतात. आपल्यापासून ते साधारण 1,500 प्रकाशवर्षं दूर असल्यामुळे एकच वाटतात. त्यांतल्या एकानं निदान 4,000 वर्षांपासून हा सगळा पसारा बाहेर टाकला. जेव्हा तो सर्वांत जास्त द्रव्य टाकत होता, तेव्हा जोडीदार फार जवळून फिरत असावा. म्हणून ते द्रव्य चेंडूसारखं गोल न पसरता डमरूसारखं पसरलं. आपण तो डमरू तिरका धरलेला पाहतो, आणि त्याची दोन तोंडं म्हणजे ही कडी. मागाहून आतून पातळ, वेगवान वारा सुटला. त्यानं मधल्या ढगाला भोकं पाडली. आज साध्या प्रकाशात बघणाऱ्याला मधला उजेड तेवढा दिसतो. ताऱ्यानं त्याआधी जे देऊन टाकलं, ते बाहेरच्या अंधारात अजून कोमट आहे.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री धाकटीनं अंगणात रांगोळी घालायला घेतली, तेव्हा मी तिला ते चित्र दाखवलं. आम्ही दोघांनी सारवलेल्या जमिनीवर दोन तिरकी कडी आखली, एकमेकांत अडकलेली, आणि त्यांच्या रेषांवर पणत्या मांडल्या. मधोमध दोन पणत्या अगदी कडेला कड लावून ठेवल्या. घरातले विजेचे दिवे मालवले. मग मी तात्यांना हात धरून आणलं, पाटावर बसवलं आणि म्हणालो, "तात्या, एप्रिलमध्ये तुम्ही विचारलं होतं ना, चित्र कसं आहे? हे असं आहे."

ते काही बोलले नाहीत. आधी त्यांनी दोन्ही हात धोतरावर पालथे करून थोडा वेळ तसेच ठेवले. मग पुढे वाकून, ज्योतींच्या वर वीतभर तळहात धरून, ते पहिल्या कड्यावरून फिरू लागले. बसल्या जागेवरून हात पुरेना, तेव्हा पाट सरकवीत गेले. मी धोतराचा सोगा सांभाळीत मागे मागे होतो. एक वळसा पुरा झाला. दुसऱ्या कड्यावर निम्म्यात ते थांबले.

"हितली येक इझलीय."

खरंच विझली होती. वाऱ्याची झुळूक आली असेल. आम्हां दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. धाकटीनं ती पुन्हा लावली. मग तात्या मधे आले.

"हा मदला तारा व्हय?"

"आज्जा, ते दोन आहेत," धाकटी म्हणाली.

त्यांनी पुन्हा हात धरून पाहिलं. "आसतील. वरनं येकच वाटतुया."

मग पाटावर नीट बसून त्यांनी विचारलं, "आन ह्ये हाय कुटं?"

कार्तिकाला ज्यांच्यावरून नाव पडलं त्या कृत्तिका तेव्हा पूर्वेला वर आल्या होत्या. त्यांच्या डावीकडे, उत्तरेच्या बाजूला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर ती अभ्रिका आहे. नुसत्या डोळ्यांनी ती मलाही दिसत नाही. मी तात्यांचा हात उचलून त्या दिशेला धरला. थोडा वेळ त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"न्हाई लागत," ते म्हणाले. "लई लांब हाय." आणि हात खाली घेऊन धाकटीच्या डोक्यावर ठेवला.

रंगपेटीचं मी त्या रात्री विचारायचं ठरवलं होतं. पण फटाके सुरू झाले, शेजारची मंडळी आली, आणि राहून गेलं. माघात तात्या झोपेतच गेले.

आज संध्याकाळी शाळेतून आल्यावर बायकोनं चहा दिला. तो घेऊन मी मावळतीच्या भिंतीशी गेलो. तात्या जिथे पाठ टेकून बसत, तिथे सारवणाचा पोपडा गुळगुळीत झाला आहे; तो कुणालाही दिसेल. मी भिंतीला हात लावला. सगळीकडून सारखाच लागला. मग लक्षात आलं, की दुसऱ्या हातातून कप याच हातात घेतला होता.

कप खाली ठेवला, आणि हात निवायची वाट बघत तिथेच बसलो.